केस रेवाकडे आली

४ मार्च
सकाळी मराठी मंडळातल्या मृणालचा फोन. रडत बोलत होती, निम्मं कळलंच नाही. तिच्या नवऱ्याला, निखिलला, इमिग्रेशनच्या ऑफिसात कागद घेऊन बोलावलं होतं. तो गेला, तर तिथेच अडकवून ठेवला. जुनी नोकरी गेल्यापासून नवी मिळेपर्यंत मधे जे दिवस गेले, त्यावरून व्हिसाचं काहीतरी. वकील म्हणतो फेडरल कोर्टात अर्ज टाकू, सोडवू. पोरीला नववा लागलाय. तिची आई नागपूरला, तिला अमेरिकेचा व्हिसा मिळत नाही. खिचडी घेऊन गेले. दोन घास खाल्ले तिने, तेही माझ्यासाठी. बाळंतपणाला मी आहे, घाबरू नकोस, हे पुन्हा सांगितलं.

रेवाला यातलं काही बोलले नाही. लेक जज झाल्यापासून घरात नियमच आहे, कुणाच्याही कोर्टाचं बोलायचं नाही.

६ मार्च
मृ.चा फोन. आवाजच वेगळा. "मावशी, केस रेवाताईंकडे आली! कॉम्प्युटर काढतो म्हणे जजचं नाव. देव पावला बघा."
मी विचारलं, वकिलाला सांगितलंस का, आपली ओळख आहे ते? तर म्हणे, नाही, कशाला?
कुकर लागलाय म्हणून फोन ठेवला.

७ मार्च
जेवण जात नाही. सारखं ते डोहाळजेवण आठवतंय. संक्रांतीनंतर मीच केलं, इथे, रेवाच्या हॉलमध्ये. मृ.चं अपार्टमेंट केवढंसं, आणि माहेरचं इथे कोण आहे तिला? हिरवी साडी, फुलांचे दागिने, सगळं केलं. ओटी मी भरली. विधवा बाई ओटी भरते म्हणून मंडळातल्या दोघींच्या भुवया वर गेल्या. जाऊ देत. तेवढ्यात रेवा कोर्टातून आली. बायकांनी धरलं, तू पण कुंकू लाव. तिने पर्स खांद्यावर तशीच ठेवून लावलं, "काँग्रॅच्युलेशन्स" म्हणाली, दोन करंज्या उचलल्या आणि वर गेली. नावसुद्धा विचारलं नाही. माझ्या बायका सारख्या येतात-जातात, तिला काय आठवणार.
पण त्याचा फोटो आहे. मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांनी पाहिलाय. सगळ्यांनी बदाम टाकलेत.

८ मार्च
सांगितलं तर रेवा केस सोडणार, ओळखीतली केस जज चालवत नाही, हे मला न शिकताही कळतं. मग कुणाकडे जाईल, तो कसा असेल, देव जाणे. नाही सांगितलं आणि उद्या कुणी तो फोटो पुढे केला, तर रेवाचं काय? तिच्या निकालांवर चिडून टपलेलेच आहेत लोक. गेल्या महिन्यात न मागवलेला पिझ्झा दारात आला. मी आपली त्या माणसाला टिप द्यायला धावले. रेवा पांढरी पडली. तुझं घर आम्हाला माहीत आहे, हे सांगायची ती रीत म्हणे. तेव्हापासून बेल वाजली की आधी खिडकीतून बघते.
धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.
या खुर्चीसाठी पोरीने मैत्रिणी सोडल्या, पार्ट्या सोडल्या. जज व्हायच्या आधी सरकारी माणसं शेजाऱ्यांना विचारून गेली, ही बाई कशी आहे. कुणाला एक वाकडा शब्द सापडला नाही. आणि आता आईनेच…

९ मार्च
मृ.कडे गेले नाही. बरं नाही म्हटलं. खोटं. ती म्हणाली, "मावशी, आलं घालून चहा घ्या." मला शरम वाटली.

१० मार्च
सांगितलं. सकाळी, रेवा ओट्याशी कॉफी घेत होती तेव्हा. एका दमात सांगून टाकलं.
कप खाली ठेवला आणि कोर्टात विचारतात तसं सुरू. "शी रिलेटेड?"
नाही.
"देन मावशी का म्हणते?"
"सगळेच म्हणतात, बाई. तुझ्या मैत्रिणी नव्हत्या म्हणत?"
"केसबद्दल काही प्रॉमिस केलंस?"
"बाळंतपणाचं केलंय."
मग फोटो बघितला. बराच वेळ. "आय हॅव टू गेट ऑफ इट, आई. ही केस मला सोडावी लागेल."
मी म्हटलं, तू न्यायाने वागशील म्हणून तर तिला धीर आलाय ना? दुसरा कसा निघेल? तर, "आई, स्टॉप." मग माझाही तोल गेला. तुझ्या खुर्चीपायी त्या बाळाचा बाप आत राहिला तर? असं म्हटलं. म्हणायला नको होतं. आणि म्हणायचंही होतं.
रेवा म्हणाली, "खुर्ची माझी नाहीये, आई." आणि किल्ल्या शोधायला लागली. मीच किल्ल्या दिल्या.

११ मार्च
दुपारी मृ.चा मेसेज. "मावशी, ताईंनी केस सोडली. दुसऱ्या जजकडे गेली. आमचं काही चुकलं का?"
फोन केला. माझ्यामुळे झालं, मी सांगितलं रेवाला, असं सरळ सांगितलं. मग म्हणाली, "तुम्ही गप्प बसला असता तर." आणि ठेवला.

१३ मार्च
सुनावणी सोमवारी. हा नवा जज कसा आहे गं, म्हणून रेवाला विचारायला तोंड उघडलं. ती नुसतं "आई" म्हणाली. मिटलं.
भांडी लावताना मागे येऊन उभी राहिली. "तिची ड्यू डेट कधी आहे? आता मी विचारू शकते."
सांगितलं, याच महिन्यात, कधीही. "तिच्याजवळ कोण आहे?"
कुणी नाही, म्हटलं.
"देन गो, आई. आता तुला कुणी अडवत नाहीये."
तेव्हापासून मी मृणालला फोन करतेय. ती उचलत नाही.