आधी बंद करायला शीक

५ जानेवारी

चि. खारूताई,
अनेक आशीर्वाद.

शिलाई मशीन शिकवताना तुझी आई मला म्हणाली होती, सुरू करण्याआधी बंद कसं करायचं ते शीक. तोवर सुई माझ्या बोटातून गेली होती. ते वाक्य काल आठवलं, कारण काल तिचाच फोन आला. जाऊन वर्ष झालेल्या माझ्या ताईचा! गुडघा कसा आहे म्हणाली, पडदे धुतले नाहीत म्हणून रागावली, आणि मला ढब्बे म्हणाली. चहा अंगावर सांडला.

तू शाळेच्या शेवटच्या वर्षासाठी संगणकावर काहीतरी बनवते आहेस ना? हे त्यातलं असेल तर तुझा कान पिरगाळणार आहे. नसेल, तर बाई, आधी कळव. तुझ्याकडे फोन करायचा धीर होत नाही, म्हणून पत्र.

तुझीच,
मावशी

८ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

कान पुढे केला आहे. शाळा सोडण्याआधी प्रत्येकानं घरी वापरता येईल असं काही बनवा, असं सर म्हणाले. मी आईचे जुने आवाजी निरोप भरून तिच्या आवाजातला गजर केला. तिनं मला उठवावं, एवढंच. पण तो फोनला जोडताना स्क्रीनवर जे जे विचारलं त्याला न वाचताच हो म्हणत गेले. नंबर, निरोप, फोन करणं, सगळंच. सर म्हणाले, परवानगी देण्याआधी वाचायचं, हेच तर शिकून बाहेर पडायचं होतं.

आता ती आपणहून फोन करते. बाबांना केला, तर ते गाडी कडेला लावून बसून राहिले. त्यांना झोप नाही. तुझा गुडघा आपल्या निरोपांत सापडला असेल. ढब्बे मात्र मी सगळीकडे शोधलं. कुठेच नाही.

सतरा तारखेला, शनिवारी, सरांसमोर तिला कायमची पुसणार आहे. तोवर कागदावरच लिही. फोनवरचं ती वाचते.

रागावलीस तरी माया ठेव.
तुझी खारूताई

१२ जानेवारी

चि. खारूताई,
अनेक आशीर्वाद.

उचलायचा नाही असं ठरवलं होतं. काल उचलला. तुझ्या पत्राबद्दल मी चकार शब्द काढला नाही. तरी ठेवता ठेवता तिनं विचारलं, पोरगी बंद करायला शिकली का गं? मी हो म्हटलं. शहाणी झाली, म्हणाली. मागे मशीन चालल्याचा आवाज येत होता. तोही तू भरला होतास का? नको, सांगू नकोस.

पुसते आहेस ते योग्यच आहे. बाबांना जप. माझ्यावरचा जीव असाच राहू दे.

मावशी

ता. क. येत्या रविवारी पुन्हा करते म्हणाली आहे. पडदे अजून तसेच आहेत, मुद्दामच. मला रागावणारं आता दुसरं कोणी उरलं नाही गं. तू नाहीच म्हणशील, आईवर गेली आहेस. तरी विचारते, शनिवारऐवजी सोमवारी पुसशील का?