कोंबड्यांच्या काढ्याच्या पत्रकातील ‘ओवा’ या शब्दाबाबत

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी,
पशुवैद्यकीय दवाखाना, वावेखार,
जि. रायगड.

विषय : ब्रॉयलर कोंबड्यांच्या काढ्याचे माझ्या नावाचे पत्रक तातडीने परत घेणे, तसेच श्रीमती रंगूबाई म्हात्रे यांच्यावर ठेवलेला ठपका काढणेबाबत.

संदर्भ : १) पत्रक ‘घरगुती काढा व विकरयुक्त खाद्य’, सप्टेंबर २०२४.
२) रंगूबाई यांच्या शेडची आपण केलेली पाहणी, दि. २४ ऑक्टोबर २०२४.

महोदय,

१. मी, बुधाजी रामा घरत, वय ६१, राहणार वावेखार, असे कळवतो की वरील पत्रकात छापलेला काढा माझा नाही. तो माझी पत्नी कृष्णाबाई हिचा आहे. ती ३ जून रोजी वारली. पत्रकातला मजकूर मी आपणांस सांगितला आणि तो चुकीचा आहे. येत्या सोमवारी, दि. ११ रोजी, बचत गटातल्या सहा जणींकडे एक दिवसाची पिल्ले येणार आहेत आणि सहाही जणींना ते पत्रक वाटलेले आहे. म्हणून या अर्जातले पुढचे सवडीने वाचले तरी चालेल, पण पत्रक आज थांबवावे, ही विनंती.

२. पत्रकात ‘ओवा १०० ग्रॅम’ असे छापले आहे. तेथे ‘पानओव्याची पाने’ असे हवे. पानओवा म्हणजे जाड, लवदार पानांचे झाड, ज्याची आपण भजी करतो. कृष्णाबाईचे माहेर तळा तालुक्यातले. त्यांच्या घरात त्या पाल्याला नुसते ओवा म्हणत आणि आपण स्वयंपाकात टाकतो त्याला दाण्याचा ओवा. तिच्या वहीत ‘ओवा २ मुठी’ एवढेच लिहिले आहे. मी घरातला ओव्याचा डबा काढला, दोन मुठी तोलल्या आणि आपणांस शंभर ग्रॅम सांगितले. दाण्याच्या ओव्याचा तेवढा काढा इतका जहाल होतो की पिल्लू चोच लावून मागे सरते. मी काल स्वतः करून जिभेला लावला, तेव्हा खात्री पटली.

३. दुसरी चूक. आपण देता ती एन्झाइमची पुडी, पत्रकात जिला विकर म्हटले आहे, ती ‘काढा गरम असतानाच घालावी’ असे मी सांगितले. जास्त उष्णतेने ती भुकटी निकामी होते असे पुडीवरच छापलेले आहे. ते मी कधी वाचले नव्हते. कृष्णाबाई काढा उतरवून बाजूला ठेवी, बोट बुडवून बघे आणि मग पुडी फोडी, हे मी अनेकदा पाहिले आहे. पण किती वेळाने, ते मला माहीत नाही. मी तेव्हा चहा घेत असे. हे माप कृपया मला विचारू नये, आपण शिकलेले आहात, आपणच तपासून लिहावे.

४. २२ ऑगस्टला आपण माझ्या घरी आलात आणि काढ्याची कृती विचारलीत. आपण असेही विचारलेत की, तुम्ही स्वतः वापरता ना? मी म्हणालो, होय साहेब, वर्षानुवर्षे. हे खोटे होते. ती गेल्यापासून शेड रिकामी आहे आणि त्याआधी मी फक्त खाद्याची पोती उतरवत असे व तयार कोंबड्या नागावच्या घरगुती हॉटेलांना पोचवत असे. खोटे का बोललो, तर ती गेल्यावर माझ्याकडे कोणी काही विचारायला येण्याची ती पहिलीच वेळ होती. सगळे जेवलास का एवढेच विचारत. आपण खुर्चीवर बसून वही उघडलीत आणि मला ‘घरतसाहेब’ म्हणालात. मला नाही म्हणवले नाही. याला सबब म्हणता येत नाही, हे मला कळते.

५. रंगूबाई माझ्या शेजारी राहतात. त्यांनी पत्रकाप्रमाणे काढा करून पिल्लांच्या पाण्यात घातला. दोनशेपैकी एकसष्ट पिल्ले मेली. आपण पाहणीत सांगितलेत की पिल्लांच्या पोटात पाणी नाही. मी तेथेच उभा होतो. आपण कारण विचारलेत, तेव्हा रंगूबाई काही बोलण्याआधी मी म्हणालो, ‘ऊन फार होतं, साहेब, भांडी उन्हात राहिली असतील.’ आपण तसे लिहिलेत आणि निष्काळजीपणा म्हणून त्यांचे नाव पिल्ले वाटपाच्या पुढच्या टप्प्यातून वगळलेत. भांडी उन्हात नव्हती. ती छपराखाली होती आणि काठोकाठ भरलेली होती. मला ते दिसत होते. चूक नेमकी कुठे आहे हे त्या दिवशी मला ठाऊक नव्हते, पण काढ्याचा वास वेगळा आहे हे नाकाला कळले होते.

६. यंदा आमच्या घरी दुखवट्यामुळे दिवाळीची कढई चढली नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी रंगूबाई फराळाचा डबा घेऊन आल्या. मी त्यांच्यावर खोटा आळ घातला होता, तरी आल्या. मोरीवर हात धुताना त्यांना तेलाच्या जुन्या डब्यातले झाड दिसले आणि त्या म्हणाल्या, ‘दादा, वयनीचा ओवा सुकवलाव काय?’ मी म्हणालो, ओवा फळीवर डब्यात आहे, तो पाला आहे. त्या हात पुसायच्या थांबल्या. मग पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘तीस वरसं एका घरात र्‍हायलाव, न् मोरीजवलचा पाला वलखत न्हाय तुमी? रोज त्याच्यावरच तोंड धुवीत होताव ना?’ मी विचारले, मग तुम्ही दाण्याचा का घातला? त्या म्हणाल्या, ‘वर सरकारचा शिक्का, खाली तुमचा नाव. मना वाटला, दादानं सुधारून दिला असंल. बाप्यामानसानं छापलेला, मी बाई काय बोलनार?’ एवढे बोलून त्या रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. करंज्या खुसखुशीत आहेत तोवर खा, म्हणाल्या आणि गेल्या.

७. एकूण साठ पत्रके वाटली गेली. गेले तीन दिवस मी दारोदार फिरून त्रेचाळीस परत आणली आहेत. एक दूध डेअरीच्या भिंतीला खळीने चिकटवले होते, ते पाणी मारून खरवडले. एकात चौलच्या दुकानदाराने फरसाण बांधून दिले होते. ते मी गिऱ्हाइकाच्या हातातून मागून घेतले आणि फरसाण माझ्या रुमालात बांधून दिले. बाकीच्यांचा पत्ता नाही. शिवाय तबरेज नावाच्या मुलाने पत्रकाचा फोटो काढून मस्कतला मामांना पाठवला आहे. मामांनी तो आणखी कुठे पाठवला हे तो सांगू शकला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेले परत कसे आणतात हे मला माहीत नाही. आपल्या कार्यालयाला माहीत असल्यास कळवावे.

८. सोबत माझे ‘आदर्श कुक्कुटपालक’ प्रमाणपत्र परत करत आहे. २०२२ च्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला कृष्णाबाई बसली होती. शेड माझ्या नावावर, म्हणून हजेरीपटावर सही माझी. सही करून मी दोन्ही दिवस रेवदंड्याला टेनिस क्रिकेटचे सामने बघत होतो. प्रमाणपत्र घ्यायला मात्र मी मंचावर गेलो. ती खाली बसून टाळ्या वाजवत होती आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही. आपल्या कार्यालयातील लिपिक श्री. केतन म्हणाले, ‘काका, प्रमाणपत्र हरवलं तर अर्ज असतो. परत द्यायचा अर्जच नसतो.’ म्हणून हाच तो अर्ज समजावा. त्यांनी असेही विचारले की मयत व्यक्तीला प्रशिक्षित कसे दाखवायचे. ते मला ठाऊक नाही. ती जिवंत असताना प्रशिक्षित होती, एवढे मी कोणापुढेही लिहून देतो.

९. तरी विनंती अशी की, पत्रक रद्द झाल्याचे ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सोमवारच्या आत सांगावे, चूक माझी, असे माझे नाव घेऊन सांगावे. रंगूबाईंचा ठपका काढून त्यांना पिल्ले द्यावीत. मेलेली एकसष्ट पिल्ले मी भरून देणार आहे, तो वेगळा विषय. नवीन पत्रक निघाल्यास त्यावर कृष्णाबाई बुधाजी घरत हे नाव असावे. दि. २० च्या प्रात्यक्षिकात ‘मार्गदर्शक’ म्हणून माझे नाव आहे, ते कापावे. मला बोलावलेच तर मी येईन आणि बायकांसमोर वरील क्रमांक ४ व ५ स्वतः वाचून दाखवीन. मला नीट उभे राहून वाचता येईल असे वाटते.

आपल्या कारवाईची वाट पाहणारा,

(सही)
बुधाजी रामा घरत
कै. कृष्णाबाई घरत यांचे पती
वावेखार, दि. ७ नोव्हेंबर २०२४

सोबत :
१) मूळ प्रमाणपत्र, चौकटीसह.
२) परत मिळालेली पत्रके, ४३. (दोन तेलकट आहेत.)
३) कृष्णाबाईच्या वहीच्या पानाची झेरॉक्स. मूळ वही मागू नये.
४) पानओव्याची दोन पाने, ओळखीसाठी. रंगूबाईंच्या अंगणातली.