चष्म्याच्या काडीवरचं रबर

११ डिसेंबर ८८, रविवार

आबा,

सेलूच्या शर्यतीला चाललो. आधी दुधनेत पोहायचं, मंग सायकलवर परभणी, अन् तिथं शेवटी पळायचं. तुमाला सांगूनच निघालो असतो, पण हा विषय निघाला की तुमी उठून गोठ्यात जाता.

पंधरा दिवसांत माझ्या सायकलची हवा तीनदा गेली. तिन्ही वेळा व्हालवरची रबरी वालट्यूब गायब. मला भुजंगचा संशय आला, कारण तोबी शर्यतीत हाय. चारचौघांत त्याला नाही नाही ते बोललो. त्यानं आईची शपथ घेतली, तरी मला खरं वाटलं न्हाई.

काल पेपर वाचायला तुमाला चष्मा आणून दिला, तवा बघितलं. कानाला टोचू नये म्हणून दोन्ही काड्यांना रबर चढवलंय. दोन काड्या, दोन वालट्यूबा. तिसरी कुठं हाय, ते तुमालाच माहीत.

आपला काशिनाथदादा पाण्यात बुडून गेला, आबा. सायकलीनं काय केलं?

आज तुमचीच सायकल नेतोय. तिच्या वालट्यूबा जागेवर हायत, दोनदा तपासल्या. भाकरी शिंक्यात हाय. भुजंगच्या आईला काही बोलू नका, माफी मीच मागतो.

दहाच्या सुमाराला पेडगाव फाट्यावर येऊन थांबा. चष्मा घालून या. तुमची सायकल येताना दिसली, म्हणजे मी पाण्यातून बाहेर आलो असं समजा.

उद्धव