त्रिकोणाबाहेर पडलेला लंब

पुणे, श्रावण शुद्ध द्वादशी, सायंकाळ

आज श्रावणातल्या दक्षिणेसाठी रमण्यावर होणाऱ्या परीक्षेतून परीक्षक शास्त्रीबुवांनी मला परत पाठवलं. बारा वर्षं मुलांना गणित शिकवतो मी, आणि अडलो कुठं, तर त्रिकोणात. त्यांनी धूळपाटीवर एका अंगाला पार कललेला त्रिकोण काढला आणि वरच्या टोकातून खालच्या बाजूवर लंब टाकायला सांगितलं. त्या टोकातून मध्यावर जाणारी रेघ मी काढली, कोन दुभागणारीही काढली. लंब मात्र त्या बाजूवर कुठंच टेकेना. शेवटी म्हणालो, "याला लंब नाही."

"मग हे टोक काय अधांतरी आहे?" शास्त्रीबुवांनी विचारलं. सगळे हसले.

घरी येऊन वेणूला सांगितलं. सासर सुटल्यापासून माझी ही लेक ओसरीवर बसून धडे ऐकते. तिनं अंगणात रांगोळीनं तोच त्रिकोण काढला, क्षणभर पाहिलं आणि खालची बाजू त्रिकोणाबाहेर वाढवली. लंब त्या रेघेवर सरळ येऊन टेकला.

"आबा, लंब आतच पडला पाहिजे असं कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं? मीच. बारा वर्षं. किती जणांना?

तिची पाठ थोपटायला हवी होती. पण दाराशी कुणाची तरी चाहूल लागली आणि मी पायानं ती रेघ पुसून टाकली. का पुसली? वेणू रांगोळीचा डबा उचलून आत गेली.

शास्त्रीबुवांच्या हसण्याचं आता काहीच वाटत नाही. उद्या सकाळी मुलं येतील. वेणू ओसरीवर येऊन बसेल का?