लोह्मानसाहेबांचा दहावा

नोव्हाय, १४ ऑगस्ट २००५

ती. सुलभाताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मला बोलता येत नाही, म्हणून लिहितो. एर्विन लोह्मान गेले. जर्मनीत शिकत होतो तेव्हा ज्यांच्या रेकॉर्ड ऐकून दोन हिवाळे काढले, ते. रेडिओ दुरुस्त करता करता त्यांनी तारांच्या पेटीतून संगीत काढलं. इथली डेट्रॉइटची मुलं आज त्याच ठेक्याला टेक्नो म्हणतात आणि त्यावर नाचतात.

त्यांना जवळचं कोणी नव्हतं, म्हणून काल मीच दहावा केला. गोत्र माहीत नाही, तेव्हा काश्यप म्हटलं. तळ्याकाठी पिंड ठेवला. कावळा झाडावर बसून राहिला, बदकं मात्र धावून आली. तीन तास छत्रीने हाकलली. तुझी भावजय गिरिजा गाडीत एसी लावून बसली होती. कावळा शिवलाच नाही. पिंड फ्रिजमध्ये ठेवला तर ती आयसेलिनला तुझ्याकडे निघून येणार आहे. काय करू?

तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझा
जगन्नाथ

आयसेलिन, १९ ऑगस्ट २००५

चि. जगू यास,
अ. उ. आ.

दोन वर्षांत तू माझ्याशी बोलला नाहीस तेवढा त्या बदकांशी बोललास! अरे, नुसतं उभं राहून काय होणार? गेलेल्याची राहिलेली इच्छा पुरी करू, असं मोठ्याने सांगावं लागतं. बाबांच्या वेळी विसरलास? जगूला परदेशी शिकवू, असं मी ओरडले तेव्हा कुठे शिवला.

जर्मनीत असताना तू लोह्मानसाहेबांना पत्र लिहिलं होतंस, त्याला त्यांनी उत्तर पाठवलं होतं ना? ते काढ. आणि गिरिजाच्या जुन्या साडीत गुंडाळून तळघरात ठेवलेला तो तुझा सिंथेसायझरही काढ.

गिरिजाला इकडे पाठवू नकोस, तिथे तिची जास्त गरज आहे.
तुझी
ताई

नोव्हाय, १२ सप्टेंबर २००५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र काढावं लागलं नाही, पाठच आहे. ऐकणं पुष्कळ झालं, आता वाजवा, एवढंच त्यांनी लिहिलं होतं. सत्तावीस वर्षं झाली.

नवा पिंड केला. वाजवीन म्हटलं, कावळा ढिम्म. घरी वाजवीन म्हटलं. त्याने पाठ फिरवली. शेवटी डोळे मिटून ओरडलो, की गणपतीत, मंडळाच्या सगळ्या लोकांसमोर वाजवीन. डोळे उघडले तर पिंड अर्धा संपला होता.

शनिवारी आरती वाजवली. घाईत सिंथेसायझरचं भलतंच बटण दाबलं गेलं आणि ठेका दुप्पट झाला. तो थांबेना. टाळ्या वाजवताना श्रीरामकाकांना धाप लागली, पण ते म्हणाले, अजून एक होऊ दे. शेजारच्या वेदांतने विचारलं, काका, इज धिस टेक्नो? मी येस म्हटलं.

मंडळाने पुढच्या वर्षीही वाजवाल का विचारलं. नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात पार्किंगमध्ये कावळा ओरडला. हो म्हणून आलो.

लोभ वाढव, आता लागणार आहे.
तुझा
जगू