मनातली विनंती

बुधवार, ४ फेब्रुवारी

बुधवारच्या प्रार्थनासभेत आज पुन्हा तेच. पाळक ब्रदर व्हर्जिलनी विचारलं, "कुणाची काही विनंती?" गुडघे झाले, रक्तातली साखर झाली, टेनेसीत नोकरी शोधणारा नातू झाला. मग दुसऱ्या बाकावरून मेरीबेथचा हात वर. मान खाली. "माझी एक मनातली आहे."

मनातली म्हणजे न सांगायची. ती कुणी विचारायची नसते, नुसती प्रार्थना करायची. सगळ्या चर्चमधून एक हळवा हुंकार निघाला. मिस ओपलनी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

माझ्या खांद्यावर कुणी हात ठेवत नाही. माझ्या हातात भांडी देतात. "तिर्झा, एवढं कॉम्ब्सांच्या घरी पोचव गं." "तिर्झा, रविवारचा वर्ग तूच घे ना, तुला काय कठीण!"

मत्सर. लिहून टाकला. खोडत नाही. आईने मला घरीच शिकवलं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, आणि गणिताच्या आधी हे शिकवलं — चुकलेलं लिहिलेलं चालेल, सजवलेलं नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

दर गुरुवारी मिस ओपलना डायलिसिसला सोडायचं आणि दुपारी आणायचं. तेवढा वेळ मेरीबेथ आईजवळ बसते. तिनेच आपणहून सांगितलं होतं, मी मागितलं नव्हतं.

आज परत आले तर दारातच आईचं हसू ऐकू आलं. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून मी ते ऐकलेलं नाही! माझ्याशी तिचे तीनच शब्द — पाणी, गोळी, उठव. त्यातही शब्दांची अदलाबदल. चहा हवा असला की "बूट" म्हणते. आणि मेरीबेथ तिला हसवते! कोटसुद्धा न काढता मी उभी राहिले.

"जेवलीस का?" मेरीबेथने विचारलं.

"हो."

जेवले नव्हते. खोटं का बोलले? तिच्याकडून काही घ्यायचं नव्हतं म्हणून. तिचा चेहरा कसा झोप झालेला दिसतो. नवरा आहे, कोल्टन; रात्री हाक मारून उठवणारं कुणी नाही. मला तिची झोप हवीय. तिचा नवरा नको, झोप हवी.

रविवार, ८ फेब्रुवारी

मुलांना बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगितली. थकून झुडपाखाली पडला, देवाला म्हणाला, पुरे झालं, मला ने. देवदूताने उपदेश केला नाही. झोपू दिलं, गरम भाकर दिली, पुन्हा झोपू दिलं. छोट्या अ‍ॅडाने विचारलं, "मग भांडी कुणी घासली?"

सगळी हसली, मीही हसले. मग खडू आणते म्हणून सामानाच्या खोलीत गेले आणि तिथे रडू आवरेना.

बुधवार, ११ फेब्रुवारी

मेरीबेथची मनातली. पुन्हा. पुन्हा हुंकार.

नंतर चर्चच्या स्वयंपाकघरात मी मोठं पातेलं घासत होते. मिस ओपल काठी टेकत आल्या. प्रार्थनेची साखळी त्यांच्याकडे असते — त्या एकीला फोन करतात, ती पुढचीला.

"तू तिच्या वयाची. तुला माहीत असेल काय चाललंय."

"मला काही माहीत नाही, मिस ओपल." इथे थांबायला हवं होतं. "पण तिच्यासाठी आणि कोल्टनसाठी प्रार्थना करावीशी वाटते मला. दोघांसाठी."

"अस्सं," मिस ओपल म्हणाल्या. "कोल्टन चर्चमध्ये दिसत नाहीच म्हणा."

तो रविवारी कामाच्या पाळीवर असतो. मला माहीत आहे. मी सांगितलं नाही.

एकही शब्द खोटा नव्हता. पण लहानपणापासून निजायच्या आधी आई एकच विचारायची — "आज केलंस ते कुणासाठी केलंस?" आता तिला विचारता येत नाही. बरं वाटलं की विचारता येत नाही. किती वाईट मुलगी!

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

साखळी माझ्यापर्यंत आली. आयडा फे यांचा फोन — "कोल्टनने घर सोडलं म्हणे. कुणाला बोलू नकोस हं, फक्त प्रार्थना कर."

माझंच वाक्य फिरून माझ्या दारात आलं. जाताना बिनशेपटीचं होतं, येताना दोन शेपट्या फुटलेल्या. मी म्हणायला हवं होतं, हे खोटं आहे, मीच बोलले. मी म्हटलं, "करते."

रविवार, १५ फेब्रुवारी

कोल्टन सुट्टी घेऊन आला होता. खुंटासारखा ताठ बसला. मिस ओपल मागे कुजबुजल्या, "बघा, फळते प्रार्थना. आला की नाही परत?" मेरीबेथचे डोळे लाल होते.

बाहेर तिच्या गाडीत बायकांनी डबे भरले. कोंबडी-भाताचा भाजलेला ट्रे, बीन्सचं पातेलं, आयडा फे यांचं केळ्याचं पुडिंग. ते पुडिंग त्या कुणाच्या मयतीशिवाय करत नाहीत.

आणि मला काय वाटलं? पाप मी केलं, पुडिंग तिला! खरंच हे वाटलं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा पहिल्या आठवड्यात डबे आले, मग सगळ्यांच्या लक्षात आलं की तिर्झा स्वयंपाक छान करते.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

मिस ओपलच्या घरासमोरचा बर्फ ओढून दिला. त्या दारात उभ्या राहून सांगत होत्या. ब्रदर व्हर्जिल मेरीबेथकडे गेले होते. म्हणाले, पोरी, एवढं बोललं जातंय, तर काय ते सांगून मोकळी हो. ती म्हणाली, "ती माझी सांगायची गोष्ट नाही."

"म्हणजे बघ," मिस ओपल म्हणाल्या. "तिची नाही तर कोल्टनचीच. दुसऱ्या कुणाची असणार?"

फावडं तिथेच भिंतीला लावून आले. दमले, असं त्यांना सांगितलं. ते तरी खरं.

बुधवार, १८ फेब्रुवारी

प्रार्थनेच्या आधी मेरीबेथ चर्चच्या स्वयंपाकघरात मक्याचा ब्रेड कापत होती. एकटी. मी दार लावून घेतलं आणि सांगितलं. सगळं. हेही, की कोल्टनच्या रविवारच्या कामाचं मला माहीत होतं.

सुरी थांबली नाही.

"माझ्या सासूबाई लेक्सिंग्टनहून आल्या," ती म्हणाली. "कोल्टनला कोपऱ्यात घेतलं — काय केलंस पोरीला? त्या बिचाऱ्याला अजून कळलेलं नाही त्याने काय केलं. येता-जाता माफी मागतो. काल तर कुत्र्याने उशी फाडली त्याचीही मागितली."

मला हसू आलं, आणि त्याची लाज वाटली.

"तू खरं काय ते सांगून टाकलं असतंस तर लोक गप्प बसले असते."

"बसले असते. पण शब्द दिलाय." तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "का केलंस, तिर्झा?"

"तुझ्यासाठी सगळे प्रार्थना करतात म्हणून."

तिने सुरी खाली ठेवली. मग सर्वांत मोठा तुकडा घेतला, लोणी लावलं, माझ्यापुढे सरकवला.

"मी रागावलेय. उद्याही रागावलेली असेन. पण उद्या गुरुवार आहे, मी येणार. खा."

उभ्या उभ्या खाल्ला. गरम होता. केव्हापासून कुणी माझ्यासाठी काही कापून पुढे ठेवलं नव्हतं.

मग वर सभेत जाऊन, ब्रदर व्हर्जिलनी विचारण्याआधीच, मी उठले. म्हटलं, कोल्टन कुठेही गेलेला नाही. साखळीतली पहिली कडी मी होते. प्रार्थनेचं नाव केलं, पण ती चहाडी होती. कुणी हुंकार भरला नाही. मिस ओपलनी काठीकडे पाहिलं. आयडा फे म्हणाल्या, "आणि माझं पुडिंग?" कोल्टन मागच्या बाकावर होता — "संपलं, मॅडम. फार छान होतं." तेव्हा कुठे लोकांनी श्वास सोडला.

विनंत्या सुरू झाल्या. गुडघे, साखर. मग मेरीबेथचा हात. एवढं होऊनही! "तीच. मनातली."

आज मी पहिल्यांदा तिच्या विनंतीसाठी खरी प्रार्थना केली. माहीत नसताना, मनापासून. जे कुणी असेल, देवा, त्याला विसावा दे. त्याला कुणीतरी दिसू दे. माझ्यासाठी काही मागायचं राहूनच गेलं, आणि चाललं.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

मिस ओपलना सोडून आले. उतरताना त्यांनी माझा हात धरून ठेवला. घरी येऊन मेरीबेथसमोरच आईला सगळं सांगितलं. आई डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "माझी."

मला वाटलं, शब्द चुकला. चहा-बूट. पाणी आणायला उठले तर तिने डाव्या हाताने माझी बाही धरली.

"विनंती. माझी. मला... बुधवारी जाता येत नाही. हिला सांगितलं... माग म्हणून. नाव नको. तू लाजेने... मरशील."

"कुणासाठी, आई?"

तिने हात माझ्या गालावर ठेवला. "दमलीस," म्हणाली.

मेरीबेथ खिडकीबाहेर बघत होती. मग हात पुढे केला. "किल्ली दे. मिस ओपलना मी आणते. भांडी तशीच राहू देत. मी अजून रागावलेलीच आहे. झोप जा."

मी किल्ली दिली.