आमचे हे पीत नव्हते

२३ फेब्रुवारी, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड त्याहून जास्त, म्हणजे तब्येत उत्तम आहे असं समज. माझी लेक परीक्षेच्या तयारीत आहे, निदान तिचं दार तरी बंद असतं.

फोन सोडून पत्र कशाला, हे तुला वेगळं सांगायला नको. मागच्या वेळी मी बोलायला लागले आणि तू मध्येच म्हणालास, "उतरली की फोन कर," आणि ठेवून दिलास. मी रागावून लिहीत नाहीये. आजकाल माझी जीभ जड झाली आहे, शब्द एकमेकांच्या पायात पाय घालतात. तुझ्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. अक्षराकडे कानाडोळा कर. थांबत थांबत लिहिते आहे.

दादा, मी आजवर थेंबालाही शिवलेली नाही.

शाळेच्या खेळांच्या दिवशी मुलांची रांग घेऊन मैदानात उतरले. खेळाच्या बाई म्हणजे पुढे मीच. अर्ध्या वाटेत पाय भलतीकडेच गेला आणि मी दुसरीतल्या पोरांवर धाडकन कोसळले. कुणाला लागलं नाही. पण पालकांतून एक जण मोठ्याने म्हणाला, "बाई सकाळी सकाळीच टाईट!" दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी खोलीत बोलावलं. खिडकी लावायच्या निमित्ताने अगदी जवळ आल्या. त्यांच्या नाकपुड्या हलताना मी पाहिल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आले तर आमचे हे स्वयंपाकघरातल्या कपाटात खोल हात घालून काहीतरी शोधत होते.

"काय हवंय?"

"मोजे."

पिठाच्या डब्यामागे मोजे!   मग ते खुर्चीत बसून म्हणाले, "मला तिथे काहीच सापडलं नाही. उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

मेंदूच्या डॉक्टर बाईच आहेत, माझ्याहून लहान. त्यांनी बोट नाकाला लावायला सांगितलं, माझं बोट गालावर गेलं. एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं टेकवत सरळ रेषेत चालायला सांगितलं. इतकी वर्षं पोरांना तेच शिकवते मी, आणि त्या खोलीत भिंत धरावी लागली. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास?"

"नाही."

"आईवडील कसे चालायचे?"

"वडील प्यायचे," मी म्हटलं. आपल्याला ते किती पाठ आहे बघ.

"तुम्ही त्यांना पिताना पाहिलंय?"

 पाहिलं होतं का रे आपण? एखादी बाटली? एखादा ग्लास? मला आठवतं ते इतकंच, की छापखान्यात जुळणी करताना बाबांच्या हातून अक्षरांचे खिळे सांडायला लागले, मालकाने काढून टाकलं, आणि संध्याकाळी तू त्यांच्या काखेत खांदा घालून त्यांना घरी आणायचास. समोरच्या फुटपाथवर तुझे मित्र हसायचे. त्या पोरवयात तुझी मान अशी खाली गेली, की पुढे शिकायला म्हणून जो बाहेर पडलास तो पुन्हा राहायला आलाच नाहीस.

रक्ताची तपासणी झाली. लहान मेंदूचा आजार आहे, रक्तातून पुढच्या पिढीत उतरणारा. तोल, हात, जीभ हळूहळू हाताबाहेर जातात. बरा होत नाही. पण व्यायामाने, बोलण्याच्या सरावाने बराच काळ रेटता येतं. सगळं ऐकून मी विचारलं, "म्हणजे मी प्यायलेली नाही, हे तुम्ही लिहून द्याल?" आणि मला जे हसू फुटलं! हे शेजारी बसून रडत होते. आधी पाणी कुणाला द्यावं हे डॉक्टरांना कळेना.

आईला सांगायची भीती वाटत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. माझ्या गालावरून हात फिरवला. मग हळूच विचारलं, "म्हणजे ते खरंच पीत नव्हते?"

दादा, तिलाही ठाम ठाऊक नव्हतं! "मी वास घ्यायचे गं. कधी आला नाही. पण सगळं जगच म्हणत होतं, तर वाटायचं, मलाच फसवत असतील."

जरा वेळाने पाहते तर आई जागेवर नाही. काठी घेऊन जिन्यातलं एकेक दार वाजवत होती. "आमचे हे पीत नव्हते. तो आजार होता." जुने शेजारी कधीचेच गेले. दारं उघडत होती ती नव्या बिऱ्हाडांची, त्यांना कोण आमचे हे आणि काय. वरच्या मजल्यावरच्या शिंप्याने तिला आत घेतलं, खुर्ची दिली, आणि म्हणाला, "बसा, आजी. कसे होते ते, सांगा." आणि ती सांगत बसली. मी आणायला गेले तर मला म्हणाली, "तू जा पुढे, माझं संपलं नाही अजून."

आता माझं रोजचं असं : न्हाणीघरात ह्यांनी दांड्या बसवल्या, त्यांतली एक तिरकी आहे, त्यावरून भांडतो. शाळेत मी खुर्चीत बसून शिट्टी वाजवते. मुख्याध्यापिकाबाईंनी माफी मागितली, ती मी लगेच देऊन टाकली. मुलांना खरं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं आणि विचारलं, "मग आज खेळायचं ना?" वाईट दिवस येतात. काल कप फुटला, परवा मीच पडले. पण लपवणं संपलं, आणि लपवायचं ओझं आजाराहून भारी होतं बघ.

लेक म्हणते, तपासणी करायची की नाही ते मी मोठी झाल्यावर ठरवीन. बरं म्हटलं.

आता जे इतका वेळ टाळलं ते लिहिते. मागच्या आठवड्यात वहिनीचा फोन आला होता. तुला न सांगता. तू गाडी चालवणं सोडलंस म्हणाली, सही करायला टाळाटाळ करतोस, जिना कठड्याला धरून उतरतोस. मग रडत म्हणाली, "वन्सं, खरं सांगा, हे चोरून पितात का हो?"

मी तिला एवढंच म्हटलं, की माझा दादा त्यातला नाही. बाकीचं तू सांग. मी सांगितलं नाही, कारण ते तुझं आहे. आणि कदाचित माझी शंका चूकही ठरेल. तसं झालं तर मला खुशाल शिव्या घाल, मी आनंदाने खाईन. पण फोनवर माझा आवाज ऐकून तू इतका का चिडलास, ते मला आता कळतंय. तू मला नाही, स्वतःलाच घाबरला होतास.

डॉक्टरांकडे जा. एकट्याने जाऊ नकोस, वहिनीला घेऊन जा. काहीही निघालं तरी त्यानंतर इकडे ये, आपण दोघं एकमेकांना धरून आईसमोर झोकांड्या खाऊ. तिला आता कशाचीच लाज वाटत नाही.

बाबांना सांगायला नावच नव्हतं रे. तुला आहे.

बाबांची आणि तुझी,
धाकटी